जागेची किंमत

पावसाळ्यात आपल्या आंबेगाव-जुन्नरकडे लाईट गेली की लवकर येत नाही. टीव्ही बंद, मोबाइलचे चार्जिंग संपलेले, आणि मुले कंटाळून एकमेकांच्या खोड्या काढत बसलेली. अशा वेळी पैसा न लागणारा एक खेळ आमच्या घरी आणि वस्तीवरच्या रविवारच्या अभ्यासवर्गात खेळला जातो. तो वाचक बंधू-भगिनींना सांगावा म्हणून हा लेख.

जुन्या वहीचा कागद फाडून दहा चिठ्ठ्या करा. त्यांवर ० ते ९ हे आकडे लिहा, घड्या घालून डब्यात टाका. प्रत्येकाने आपल्या पाटीवर किंवा कागदावर शेजारी शेजारी चार चौकटी आखाव्यात. डावीकडून हजार, शतक, दशक आणि एकक. एकाने चिठ्ठी काढून आकडा मोठ्याने सांगायचा. बाकीच्यांनी तो लगेच आपल्या कोणत्याही एका रिकाम्या चौकटीत लिहायचा. एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नाही, हलवायचा नाही. काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकायची नाही. चार चिठ्ठ्या झाल्या की ज्याची संख्या सर्वांत मोठी तो जिंकला. मात्र संख्या स्वतः मोठ्याने वाचून दाखवली पाहिजे. वाचता आली नाही तर गुण नाही.

समजा ३, ९, ० आणि ६ असे आकडे निघाले. एकाने ३ आला तेव्हा तो दशकात ठेवला, ९ हजारात, ० एककात आणि ६ शतकात. त्याची संख्या झाली ९६३०. दुसऱ्याने घाईने ३ हजारात लिहिला, मग ९ शतकात, ० एककात, ६ दशकात. त्याची झाली ३९६०. चिठ्ठ्या त्याच, डबा तोच. फरक मात्र ५६७० चा. आकडे सर्वांना सारखेच मिळाले. कोणी कोणाला कुठे बसवले, एवढ्यावर डाव फिरला.

इथे नशीब आहे, तसा विचारही आहे. पहिलीच चिठ्ठी ७ निघाली तर काय करावे? हजारात बसवावा, की ८ किंवा ९ ची वाट पाहावी? उरलेल्या तीन चिठ्ठ्यांत ८ किंवा ९ निघण्याची शक्यता बारा डावांत सातदा, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त आहे. परंतु वाट पाहिली आणि मागून ५ पेक्षा मोठा आकडा आलाच नाही, तर पंचाहत्तरशेच्या जागी सत्तावन्नशे हाती येतात. मुले यावर भांडतात. भांडू द्यावे. ते भांडण म्हणजे गणितच आहे.

हा खेळ मला जवळचा वाटतो, त्याला कारण आहे. माझी आई शेतमजुरी करायची. शाळा तिच्या वाट्याला आली नाही, पण एसटीच्या पाटीवरचे आणि घड्याळातले आकडे पाहून पाहून तिने एक ते नऊ सगळे ओळखीचे करून घेतले होते. मी तिसरीत असताना तिने कांद्याच्या हंगामाची सगळी मजुरी, १२०० रुपये, बचत गोळा करणाऱ्या एका माणसाकडे दिली. त्याने पुस्तकात लिहिले १२०. आईने पुस्तक उघडून पाहिले होते. पुढे हे उघडकीस आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मी बघितलं होतं रं. एक होता, दोन होता, शून्यबी होतं.” पैसे परत मिळाले नाहीत. आईला आकडे येत होते. आकड्यांच्या जागा कोणी शिकवल्या नव्हत्या.

शून्याची गंमत हीच आहे. स्वतः त्याची किंमत काही नाही, पण ते दुसऱ्याची जागा राखते. ४५, ४०५ आणि ४५० यांत ४ आणि ५ तेच. शून्य कुठे बसले यावर सारे अवलंबून. आमच्या खेळात ज्याने शून्य हजारात टाकले त्याची संख्या तीन आकडी होऊन बसते, आणि तो धडा मूल पुन्हा विसरत नाही.

जागेवरून किंमत ठरवण्याची ही युक्ती माणसाला सहज सापडलेली नाही. पुरावा आपल्या जुन्नर तालुक्यातच आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञातील दक्षिणेचे आकडे कोरले आहेत. एका ठिकाणी २४४०० कार्षापणांची नोंद आहे. आपण त्यात ४ दोनदा लिहितो आणि जागेवरून त्याचे मोल ओळखतो. त्या काळी हजाराचे चिन्ह वेगळे, शंभराचे वेगळे. त्यालाच चाराचे चिन्ह जोडून चार हजार किंवा चारशे दाखवीत. शून्य नव्हतेच. मानमोडी डोंगरावरील बौद्ध लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिल्याचा लेख आहे. त्यातील वर्ष ४६ हे चाळिसाचे एक चिन्ह आणि सहाचे एक चिन्ह असे लिहिले आहे. मुलांना लेणी पाहायला नेतो तेव्हा हे मी आवर्जून सांगतो. पुढे शून्याने ही सगळी चिन्हे वाचवली. ग्वाल्हेरच्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या आजच्यासारखी शून्य देऊन लिहिलेली आहे.

गंमत पाहा. दगडावर चाळीस आधी, सहा नंतर. आपण बोलताना म्हणतो सेहेचाळीस, म्हणजे सहा आधी! म्हणून पुष्कळ मुले सेहेचाळीस ऐकून ६४ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर ‘वीस सात’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद कोणी जिंको, मुलाची अडचण खरी आहे. आमच्या खेळात संख्या दोन्ही प्रकारे वाचली तरी चालते. जागा चुकता कामा नये.

खेळ जुना झाला की नियम बदला. सर्वांत लहान संख्या करणारा जिंकेल, किंवा ५००० च्या सर्वांत जवळ जाणारा जिंकेल असे ठरवा. फरक काढताना वजाबाकी आपोआप होते. लहानांसाठी दोनच चौकटी ठेवा. मोठ्यांसाठी लाखापर्यंत सहा.

मी बी. कॉम. झालो, कारकून झालो, रोज हिशेबाच्या कागदांत बसतो. मजुरीचा हिशेब न वाचता सही करणारे आपले लोक आजही मला भेटतात. आता तर पैसे मोबाइलवरून जातात. ५०० च्या जागी ५००० जायला एक शून्य पुरते. तेव्हा हा खेळ केवळ मुलांचा समजू नका. घरातील आजी, आई, शेजारच्या काकू, सर्वांना बसवा. सत्तरी ओलांडलेली माझी आई आता नातीशी खेळते आणि शून्य हातात आले की एककाच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणते, “ह्याला हितं बसव.”

येत्या रविवारी दहा चिठ्ठ्या कराच. पहिला डाव घरातील ज्या व्यक्तीला शाळा मिळाली नाही, तिच्या हातून काढा.