वेटिंगचे वॉट

ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने घरगुती विजेचा दर युनिटला सरासरी ३४ पेन्सवर बांधून दिला आणि मी प्लगला लावायचा वॉटमीटर विकत घेतला. हिशोब सोपा होता. वर्षभर अखंड चालणारा एक वॉट म्हणजे ८.७६ युनिट, म्हणजे जवळजवळ ३ पौंड. राउटर, फ्रिज, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ असं मोजत मोजत मी टीव्हीमागच्या काळ्या डब्यापाशी आलो.

हा डबा म्हणजे आमचा टीव्ही रेकॉर्ड करणारा कॉम्प्युटर. रेडिंगला आम्हाला हॅनिंग्टनच्या मनोऱ्यावरून अँटेनाने फ्रीव्ह्यूचे चॅनेल मिळतात. त्यातलं हवं ते हा डबा लिनक्सवरच्या मिथटीव्ही या मोफत सॉफ्टवेअरने साठवून ठेवतो. मीटर म्हणाला, ७८ वॉट. तेव्हा डबा काहीही करत नव्हता. मी मुद्दाम एक रेकॉर्डिंग सुरू केलं. ८१.

या तीन वॉटांनी मला खरं विचारात पाडलं. ब्रिटनमधलं अॅनालॉग प्रक्षेपण ऑक्टोबर २०१२ मध्ये पुरतं बंद झालं. त्याआधी येणारं चित्र घरच्या यंत्राला आकुंचित करून साठवावं लागे, आणि ते घाम काढणारं काम होतं. आता चित्र स्टेशनातूनच आकुंचन पावून येतं. डब्याने फक्त हव्या त्या चॅनेलचा डेटा वेगळा काढायचा आणि डिस्कवर लिहायचा. साध्या चॅनेलचा तासभर एक-दीड जीबीत मावतो. म्हणजे कामाला खर्च जवळजवळ नाहीच. पैसे जात होते ते काम येण्याची वाट बघण्यात. रिक्षावाल्याला दारात थांबवून ठेवल्यासारखं वेटिंग पडत होतं, वर्षाला ६८३ युनिट, २३२ पौंड. नियामक ऑफजेम तेव्हा मध्यम वापराच्या घराला वर्षाकाठी २,९०० युनिट धरत असे. त्याचा जवळजवळ पाव हिस्सा हा एकटा डबा खात होता.

एका मित्राचं म्हणणं पडलं की, हिवाळ्यात ती उष्णता घरातच राहते, मग वाया काय गेलं? मुद्दा चुकीचा नव्हता, पण महाग होता. गॅसचा बांधलेला दर युनिटला १०.३ पेन्स होता आणि आमचं घर गॅसवर तापतं. तिप्पट भावाने ऊब घेण्यात काय हशील?

आधी ग्राफिक्स कार्ड काढलं. प्रोसेसरमध्ये असलेलं ग्राफिक्स टीव्हीचं चित्र आरामात उलगडतं, त्यामुळे कार्ड नुसतंच भाडेकरू होतं. त्या एका फटक्यात वीसेक वॉट वाचले. मग पॉवर सप्लाय. तो होता ५०० वॉटचा. अशा सप्लायवर कार्यक्षमतेचा '८० प्लस' शिक्का असतो खरा, पण साध्या दर्जाची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. माझा भार जेमतेम बारा टक्के. म्हणजे शिक्का ज्या टापूबद्दल काही बोलतच नाही, तिथेच माझा डबा जन्म काढत होता. त्याच्या जागी लॅपटॉपसारख्या अडॉप्टरवर चालणारा छोटासा पिकोपीएसयू बसवला. साडेतीन इंची हार्ड डिस्क जाऊन अडीच इंची आली. ट्यूनरचं जुनं कार्ड काढून यूएसबी ट्यूनर लावला, तेव्हा 'पॉवरटॉप' या प्रोग्रॅममध्ये प्रथमच दिसलं की प्रोसेसर गाढ झोपतो आहे. त्याआधी ते कार्ड त्याचा डोळा लागू देत नव्हतं. मीटर २८ वर आला.

पण २८ वॉटसुद्धा चोवीस तास! वर्षाचे ८३ पौंड. वेटिंग कमी झालं होतं, संपलं नव्हतं. खरा उपाय मदरबोर्डावरच होता. प्रत्येक पीसीत एक घड्याळ असतं आणि त्यात गजर लावता येतो. लिनक्समध्ये 'वेकअलार्म' नावाच्या फाइलमध्ये १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत वेळ लिहायची आणि मशीन बंद करायचं. मिथटीव्ही पुढचं रेकॉर्डिंग कधी आहे ते बघतो, पाच मिनिटं आधीचा गजर लावतो आणि स्वतःला बंद करून घेतो. नुसतं सस्पेंड करून बघितलं, पण जागं झाल्यावर ट्यूनर मुका राही, म्हणून पूर्ण बंदच करतो. घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवायचं, म्हणजे मार्चअखेरीस इथली वेळ तासाने सरकली तरी गजर हुकत नाही. कार्यक्रमांचं वेळापत्रक सिग्नलमधूनच येतं, त्यामुळे रोज थोडा वेळ ते गोळा करायलाही डब्याला उठवावं लागतं. आता तो दिवसाकाठी चारेक तास जागा असतो, उरलेला वेळ २ वॉटवर. वर्षाचे ५५ युनिट, २०२२च्या त्या दराने १९ पौंड.

ते २ वॉट कशाचे, हा प्रश्न २०२३च्या उन्हाळ्यात सांगलीहून आलेल्या आईने विचारला. तिला रात्री लुकलुकणारे दिवे खपत नाहीत. झोपण्यापूर्वी घरभर फिरून भिंतीवरचे सगळे स्विच तिने बंद केले. त्या दिवशी लॉर्ड्सवरच्या कसोटीत इंग्लंडचा बेअरस्टो यष्टिचीत झाला होता आणि रात्रीचे हायलाइट्स मला हवे होते. बोर्डावरचं घड्याळ बटणासारख्या सेलवर टिकटिकत राहिलं असणार, पण मशीन उठवायला अडॉप्टरमधून थोडी वीज सतत लागते. तीच नव्हती.

"अगं आई, तो बंदच होता. त्याचा स्विच तेवढा बंद करू नकोस."

"बंद होता ना? मग बंद वस्तूला करंट कशाला लागतो रे?"

हाच प्रश्न कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या अॅलन मायर यांनी १९९८ मध्ये जगापुढे मांडला होता. स्टँडबायमध्ये कुठल्याही उपकरणाने एका वॉटहून जास्त घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. युरोपीय संघाने अनेक घरगुती उपकरणांसाठी ते २०१० पासून कायद्यात आणलं आणि २०१३ मध्ये मर्यादा अर्ध्या वॉटवर नेली. आईला हे सांगितलं. "मग तुझा डबा दोन का घेतो?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या स्विचवर तिनेच मराठीत 'हात लावू नये' असं लिहून चिकटवलं.

वॉटांच्या मागे लागायची सवय जडल्यावर माळ्यावरचा अँटेनाचा अॅम्प्लिफायरही मोजला. ३ वॉट, अहोरात्र. झोपलेल्या डब्यापेक्षा जास्त. काढून बघितला तर अर्ध्या चॅनेलांवर चित्राचे तुकडे पडायला लागले आणि खालून बायकोची हाक आली. त्याचे, त्याच दराने वर्षाला ९ पौंड, आम्ही भरत राहिलो.