दंड की माफी?

मोबाईलवरील खेळांविषयी आपल्या घरांत चर्चा होते ती डोळ्यांची, अभ्यासाची आणि फार तर हिंसेची. भाषेची होत नाही. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया'सारख्या खेळात चार अनोळखी मुले एका चमूत येतात, माईक सुरू असतो, आणि एकाचा नेम चुकला की उरलेल्यांच्या तोंडून आई-बहिणीवरून जे निघते ते शिरपूरच्या बसस्थानकावरही सहसा कानी पडत नाही. माझा चौदा वर्षांचा नातू पर्युषणात एकासन करतो आणि संध्याकाळी हीच भाषा निमूटपणे ऐकतो. "आबा, सगळेच बोलतात," एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

खेळ चालवणाऱ्यांनी या रोगावर काय औषध शोधले, याचा मी थोडा अभ्यास केला. सर्वांत लक्षणीय प्रयोग 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाचा. अमेरिकेतील रायट गेम्स कंपनीने २०११ मध्ये 'ट्रायब्युनल' नावाची न्यायसभाच उघडली. वारंवार तक्रारी झालेल्या खेळाडूचे संभाषण इतर सामान्य खेळाडूंनी वाचायचे आणि 'दंड' की 'माफी' एवढेच मत द्यायचे. सुरुवातीस बहुमताशी जुळणारे मत देणाऱ्यास खेळातील थोडे चलन बक्षीस मिळे. बँकेत ज्याने उद्दिष्टपूर्तीचा मार्च महिना पाहिला आहे, त्याला यातला धोका सांगावा लागत नाही: न वाचताच शिक्के पडू लागतात. ते बक्षीस पुढे बंद झाले. निकालही उशिरा लागत. तोवर आपण काय बोललो हे मुलगा विसरलेला असे. २०१४ मध्ये न्यायसभा थांबली आणि काम बरेचसे यंत्राकडे गेले. रोमन लिपीत लिहिलेली मराठी शिवी यंत्राला कितपत कळते कोण जाणे. वऱ्हाडी मुलाला मात्र तत्काळ कळते.

कंपनीला त्यातून जे उमगले ते मोलाचे आहे. बहुतांश अपशब्द अट्टल उपद्रवी खेळाडूंचे नव्हते, एरवी नीट वागणाऱ्यांचेच होते. नुसती बंदी घालण्यापेक्षा ज्याचे त्याला त्याचे शब्द दाखवले, तर सुधारणा अधिक होई. आणखी एक युक्ती फार साधी होती. प्रतिपक्षाशी संभाषण आपोआप सुरू असे, ते बंद ठेवले. हवे त्याने स्वतः सुरू करावे. बोलणे जवळपास पूर्वीइतकेच राहिले, पण वाईट बोलणे तीस टक्क्यांहून अधिक घटले. बोलण्यापूर्वीचा एक क्षण! आपण त्याला भाषा समिती म्हणतो.

'काउंटर-स्ट्राइक'मध्ये २०१३ पासून अनुभवी खेळाडू आरोपीच्या खेळाचे चित्रण पाहून निर्णय देत. आरोपीचे नाव त्यांना दिसत नसे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ भेद आहेत. पहिला आलोचना, म्हणजे आपला दोष आपल्याच तोंडाने गुरूंपुढे सांगणे. पुढे छेद, म्हणजे दीक्षेची ज्येष्ठता घटवणे. परिहार, म्हणजे ठराविक काळ संघापासून दूर ठेवणे. दर्जा घटवणे, काही दिवसांची बंदी, हे खेळांतही आहेच. मात्र तिथली शेवटची पायरी कायमची हकालपट्टी, आणि सूत्रातील शेवटचा भेद उपस्थापना: पुन्हा दीक्षा देऊन संघात घेणे.

हे मुलांपुरतेच असते तर मी लिहिले नसते. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराचे दार चार दशकांनंतर, २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. आनंदाच्या त्या दिवसांत आमच्या फोनवरील गटात जाणत्या मंडळींनी एकमेकांना जे लिहिले, त्यापुढे नातवाच्या चमूतील मुले सौम्य वाटावीत. गटप्रमुखांनी चौघांना काढले. कोणत्या वाक्यासाठी, हे त्यांनाही कळले नाही. त्यातला एकही परतला नाही. एकाशी आमचा चाळीस वर्षांचा घरोबा आहे. आता रस्त्यात भेटला तरी तो नजर चुकवतो.

गटप्रमुखांकडे मी लेखी सूचना दिली आहे. तक्रारीचा मजकूर नाव झाकून गावाबाहेरच्या तिघांकडे पाठवावा, दोन दिवसांत निर्णय घ्यावा, ज्याचे वाक्य त्याला दाखवावे, आणि काढतानाच परत घेण्याची तारीख लिहावी. त्या चौघांसाठी मी क्षमावाणीचा दिवस सुचवला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.