पॅच कुठल्या बेसवर?

आमच्या उपकरणाची बॅटरी ठरल्यापेक्षा बरीच आधी उतरत होती. शोधत गेलो तेव्हा कारण हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये निघालं. रीडिंग घेण्याआधी ड्रायव्हर सेन्सरला जागं करायचा आणि वापराचा काउंटर एकने वाढवायचा. रीडिंग झालं की काउंटर उतरवून त्याला झोपू द्यायचा. पण आय-टू-सी बसवर एरर आली की फंक्शन मधूनच परतायचं आणि काउंटर उतरवणारी ओळ चालायचीच नाही. एकदा असं झालं की सेन्सर रीबूट होईपर्यंत जागाच. दुरुस्ती जेमतेम दोन-तीन ओळींची होती. खरा विचार करावा लागला तो वेगळ्याच गोष्टीचा: ती लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीवर करून पाठवायची?

बोर्डावर चालत होता तो चिपच्या कंपनीने दिलेला, ५.१० वर बेतलेला कर्नल. बग तिथे दिसला, चाचणीही तिथेच होणार, म्हणजे पॅचही त्यावरच करावा असं कुणालाही वाटेल. पण पॅचमध्ये बदललेल्या ओळींच्या वर-खाली न बदललेल्या तीन-तीन ओळी असतात आणि त्यांच्या आधाराने गिट जागा ओळखतं. मी मेनलाइनमधली तीच फाइल उघडली, तर मधल्या काळात रीडिंगच्या फंक्शनाची दोन फंक्शनं झाली होती. चूक मात्र नव्या फंक्शनात जशीच्या तशी आली होती. ५.१० वरचा पॅच तिथे लागलाच नसता.

शिवाय एक नियम आहे. लाँगटर्म कर्नलमध्ये दुरुस्ती घेतात ती आधी मेनलाइनमध्ये गेली असेल तरच. म्हणजे आमच्या बोर्डापर्यंत यायचं तर वाट वरूनच सुरू होणार.

वर तरी कुठे? रोज नवं असतं ते लिनक्स-नेक्स्ट. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ साली ते सुरू केलं. पुढच्या आवृत्तीसाठी तयार होत असलेल्या शेकडो ट्री त्यात एकत्र केल्या जातात. आपला बदल इतरांच्या कामाशी भांडतो का, हे पाहायला यासारखी जागा नाही. पण ते पुन:पुन्हा मेनलाइनपासून नव्याने बांधलं जातं. आजचा मर्ज कमिट उद्याच्या इतिहासात नसतो. अशा जागेवर घर बांधता येत नाही. मेनलाइनचं अगदी ताजं टोक घ्यावं, तर नव्या आवृत्तीच्या पहिल्या दोन आठवड्यांत, मर्ज विंडोत, तिथे हजारो बदल एकदम येत असतात. आपला बोर्ड बूट झाला नाही, तर दोष आपला की दुसऱ्याचा हेच कळत नाही. म्हणून मर्ज विंडो बंद झाल्यावर निघणारा आरसी-१ हा सर्वसाधारणपणे चांगला पाया मानतात.

तोही डोळे झाकून घेऊ नये, हे मार्च २०२१ मध्ये दिसलं. ५.१२ च्या आरसी-१ मध्ये स्वॅप फाइलचा असा बग होता की स्वॅपचा मजकूर डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जाऊन फाइलसिस्टिम खराब व्हायची. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या टॅगच्या नावालाच ‘डोन्टयूज’ जोडलं आणि त्यावर ब्रँच काढू नका असं सगळ्यांना बजावलं. दुरुस्ती आरसी-२ मध्ये येणारच होती, तरी हा इशारा का? कारण पुढे कधी कुणी दुसराच बग शोधायला गिट बायसेक्ट चालवलं, तर ते त्याला त्या जुन्या पायावर नेऊन उभं करणार आणि त्याची डिस्क जाणार. आपण निवडलेल्या बेसवर उद्या अनोळखी माणूस कर्नल बूट करणार आहे, ही जाणीव मला त्या प्रसंगाने दिली.

आमचा ड्रायव्हर इंडस्ट्रियल आय-ओ या उपव्यवस्थेतला. मेंटेनर्स फाइलमधल्या तिच्या नोंदीत ‘टी’ने सुरू होणारी ओळ गिट ट्रीचा पत्ता देते. त्या ट्रीत दुरुस्त्यांची ब्रँच वेगळी आणि पुढच्या मर्ज विंडोत जाणाऱ्या नव्या कामाची वेगळी. मला दोन्ही करायचं होतं: ही दुरुस्ती, आणि त्याच फंक्शनात रीडिंगची अचूकता बदलण्याची नवी सोय. दोन्ही एका मालिकेत पाठवलं असतं, तर सगळं एकाच बेसवर सरळ बसलं असतं. पण मग दुरुस्तीही पुढच्या मर्ज विंडोसाठी थांबली असती. कर्नलची एक फेरी नऊ-दहा आठवड्यांची. तेवढा काळ तो सेन्सर वापरणाऱ्या सगळ्यांच्या बॅटऱ्या उगाच उतरत राहिल्या असत्या.

म्हणून दुरुस्ती एकटी, दुरुस्त्यांच्या ब्रँचवर केली. गिट ब्लेम लावून चूक ज्या कमिटमध्ये शिरली तो शोधला, ‘फिक्सेस’च्या ओळीत त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं आणि शीर्षक दिलं, स्टेबल टीमला सीसी केलं. पॅच तयार करताना बेसचा पर्याय दिला, म्हणजे शेवटी ‘बेस-कमिट’ची ओळ येते आणि मेंटेनरला अंदाज बांधावा लागत नाही. नवी सोय तयार होती, तरी रोखून धरली. दुरुस्ती मेनलाइनमध्ये गेली, तिथून नव्या कामाच्या ब्रँचमध्ये उतरली, मग तिच्यावर ती मालिका रचून पाठवली. ५.१० साठी फंक्शन वेगळं असल्याने बॅकपोर्ट स्वतंत्र केला आणि त्यात मेनलाइनच्या कमिटचा हॅश नोंदवला.

बेस ठरतो तेव्हाच दुरुस्ती कुणाला किती लवकर मिळणार हेही ठरतं. त्यामुळे एडिटर उघडण्याआधी मी आता दोन गोष्टी पाहतो: हे काम दुरुस्ती आहे की भर, आणि ते ज्याच्या हाती जाणार त्याची कोणती ब्रँच त्यासाठी आहे. या दोन्हींची उत्तरं मिळाली की बेस कोणता घ्यायचा हा प्रश्न बहुतेक वेळा उरत नाही.