आधी भिंत, मग बोट

१.
सोफ्याची कड, टीपॉय, भिंत, फ्रिज, पुन्हा सोफा. नातीचा सध्याचा फेरा एवढाच. टीपॉय आणि भिंत यांच्यामध्ये हाताला काही लागत नाही. तिथे ती खाली बसते, रांगत पलीकडे जाते आणि भिंतीला धरून पुन्हा उभी राहते.

२.
जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न : "अजून चालत नाही?"

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांची पाहणी करून २००६ साली तक्ता छापला. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. कशाचाही आधार न घेता चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने. एक मूल आठव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्यात, आणि दोघंही ठणठणीत असतात. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अठरा महिने उलटूनही पाऊल पडत नसेल, तर मात्र वाट पाहत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

आपल्या मुलांना आपल्या मोजपट्टीने मोजण्याचं काम बडोद्यात प्रमिला फाटक यांनी केलं. त्यांची ५४ प्रश्नांची बडोदा चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. हे नाव मराठी घरांत माहीत असायला हवं.

३.
पांगुळगाडा लाकडी आणि तीन चाकांचा. सावंतवाडीहून आणलेला एखादा अजून कुणाच्या तरी माळ्यावर सापडतो. बाळ त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि गाडा ढकलतं.

वॉकरमध्ये बाळ मधोमध बसतं, पाय लोंबकळतात, चवडे जमिनीला टेकतात आणि खोली सर्रकन मागे पडते. त्यात चालणं लवकर येत नाही. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात दोन लाख तीस हजारांवर बाळांना वॉकरच्या दुखापतींमुळे इस्पितळात न्यावं लागलं. त्यातली चारातली जवळजवळ तीन जिन्यावरून पडली होती.

आपल्याकडे तो बारशाला आहेरात येतो. आमच्याकडे आलेला खोक्यातच ठेवलाय. देणाऱ्यांना मी कारण सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण पटलं.

४.
पांगुळगाडा नसेल तर प्लॅस्टिकची खुर्ची. गुळगुळीत फरशीवर ती फार पळते. बसायच्या जागी तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवली की बेताने सरकते.

५.
न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी नुकत्या चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली. २०१२ चा निष्कर्ष : तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं.

सतरा वेळा पडणं म्हणजे सतरा वेळा उठणंही. आपण धावत जाऊन उचलतो तेव्हा त्यातलं एक उठणं तिच्याकडून काढून घेतो.

६.
न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पहिल्या महिन्यात म्हणाल्या होत्या, "बघा आजी, आत्ताच चालायला बघतेय." काखेत धरून तळवे फरशीला टेकवले की ती खरंच एकामागून एक पाय टाकायची. दोनेक महिन्यांत ते थांबलं.

एस्थर थेलन या अमेरिकी संशोधिकेने १९८० च्या दशकात अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं. पाय पुन्हा चालू लागले. म्हणजे बाळ काही विसरलेलं नव्हतं. अंग भरतं, मांड्या जड होतात, आणि तेवढं वजन उचलायची ताकद अजून आलेली नसते. इतका साधा प्रयोग, आणि किती सुंदर.

७.
बोट धरून चालवताना बाळाचे हात त्याच्या खांद्यांच्या वर जाऊ देऊ नयेत. वर ओढले की ते चवड्यांवर येतं आणि तोल आपणच सांभाळत राहतो. कमरेला धरावं. त्याहून चांगलं म्हणजे दोन हातांवर समोर बसून बोलवावं.

८.
बोरिवली स्टेशनचा पूल, संध्याकाळ. आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या, मधे मूल, दोन्ही हातांनी उचलून पायऱ्यांवरून झुलवत चाललेत. मूल खिदळतंय. या वयात अशा हिसक्याने कोपरातलं हाड जागेवरून सरकतं. डॉक्टर ते चटकन बसवतात, पण तोवरचं रडणं ऐकवत नाही. पायऱ्यांवर कडेवर घ्यावं, नाहीतर काखेत धरून उचलावं.

९.
पाळणाघरवाल्या काकू : "पहिलं पाऊल मी कधी सांगत नाही हो. संध्याकाळी आई घ्यायला आली की म्हणते, दोन मिनिटं टेका इथे, जरा हात पुढे करा."

१०.
२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. म्हणजे सहा महिने. चालणं साधारण वर्षाच्या आगेमागे येतं. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही कायदा सांगतो. पण ऑफिस अंधेरीला आणि घर मुलुंडला असेल, तर त्यासाठी बाळाला रोज सकाळच्या गाडीत चढवायचं, घाटकोपरला उतरवायचं आणि मेट्रोच्या गर्दीत घालायचं. कुठली आई हे करेल? म्हणून उपनगरातली कितीतरी मुलं काकूंच्या सतरंजीवर उभी राहतात. त्या काकूंना काय मिळतं, त्यांना सुट्टी असते का, हे आपण विचारलं पाहिजे.

११.
शिट्टीचे बूट बाजारात अजून मिळतात. घरात बूट नकोतच, आणि गुळगुळीत फरशीवर मोजे तर मुळीच नकोत. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांचे पाय तपासले (१९९२). बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८.

१२.
सुनेने विचारलं, "आई, कॅलिपर म्हणजे काय?"

आमच्या वर्गात एक मुलगी पायाला लोखंडी पट्ट्या लावून यायची. जिना चढताना तिचा आवाज आधी यायचा. तेव्हा पोलिओ कुणाच्या ना कुणाच्या घरात होताच. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला. रविवारी बूथवर बसून आणि उरलेल्यांसाठी दारोदार फिरून ज्या बायांनी ते दोन थेंब पाजले, त्यांच्यामुळे माझ्या सुनेला हा शब्द माहीत नाही.

१३.
घाटकोपरच्या चाळीत माझी मुलं चालायला लागली ती गॅलरीत. लांब, सरळ जागा. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला उघडी दारं. एका दारातून मूल सुटलं की पुढच्या दारात कुणाचे तरी हात तयार असायचे. जोशीकाकूंच्या दारापर्यंत आलं की खोबऱ्याचा तुकडा.

आता आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास ठरलाय. नकाशात गाड्यांच्या जागा मोजून दाखवल्यात, जिमही आहे. मजल्यावर लिफ्ट आणि चार बंद दारं.

सभेसाठी सेक्रेटरींना पत्र दिलंय : पोडियमवर तीस फूट सरळ, पायरी नसलेली, न घसरणारी पट्टी हवी. एका बाजूला दीड फूट उंचीचा दांडा. गाडी लावायला बंदी. त्यांनी विचारलं, "आजी, दीड फुटावर कशाला? कोण धरणार तो?"

नात कडेवरच होती. तिला खाली उभं केलं.