पवन मावळात घर पाहायला गेलो

कामशेत स्टेशनवर लोणावळा लोकलमधून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बरोबर सौ., आमच्या मंडळाचे एक जुने कार्यकर्ते आणि पिशवीत भाकरी-ठेचा. काम एकच. डोंगरातल्या एखाद्या शांत गावात म्हातारपणासाठी छोटे घर विकत मिळते का ते पाहायचे. पिंपरीतल्या आमच्या दोन खोल्यांखाली पत्र्याचे वर्कशॉप आहे. ज्याने तो आवाज वीस वर्षे ऐकला आहे, त्याला शांततेची किंमत वेगळी सांगायला नको.

सौ.नी मात्र गाडीतच विचारले होते, "अहो, ज्या गावातून आपले बापजादे जोहार घालता घालता बाहेर पडले, तिथंच आता पैसे मोजून परत जायचं?"

प्रश्न बिनतोड होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे परखड मत मांडले, ते आम्हीच किती तरी जयंत्यांच्या भाषणांत सांगितले आहे. तरी आम्ही म्हणालो, "याच मावळात, तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचं घर होतं. आज तिथं स्मारक आहे. अलीकडे देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला त्यांच्याच हस्ते बुद्धमूर्ती बसली. आपण का नको?"

"आणि बडोद्यात त्यांना राहायला घर मिळालं नव्हतं, ते विसरलात वाटतं?" सौ. म्हणाल्या. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने निघालो. दलालाने दुपारी बोलावले होते, म्हणून आधी बेडश्याची लेणी पाहिली. कार्ल्याला जत्रेसारखी गर्दी, भाज्यालाही सहली येतात. बेडश्याला मात्र चारशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलो तरी आमच्याशिवाय कोणी नव्हते. चैत्यगृहापुढे चार उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. एका शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या माणसाने या डोंगरात पैसे घातले ते भिक्खूंना पावसाळ्यात राहायला जागा असावी म्हणून. आम्हीही पावसाळ्यात राहायला जागाच शोधत होतो. सौ.नी स्तूपाला वंदन केले, आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले आणि खाली उतरलो.

गावाचे नाव येथे देत नाही. पन्नास-साठ उंबरा, समोर तिकोन्याचा डोंगर, खाली पवना धरणाचे पाणी. घर गावठाणातले, तीन खणांचे, कौलारू. मागे परसात फणस. पावसाच्या माऱ्याला पश्चिमेची भिंत ओल धरून फुगली होती, एक वासा बदलावा लागणार होता. पण ओट्यावर बसलो आणि सौ.सुद्धा गप्प झाल्या. कसलाच आवाज नव्हता.

मालक बोलायला गोड. चहा झाला, भाव निघाला, थोडा उतरलाही. मग म्हणाले, "पाव्हणं मूळचं कुठलं? कुळ कोणतं?"

"आम्ही बौद्ध," आम्ही सांगितले.

कपबश्या उचलल्या गेल्या. "भावकीला इचारून कळवतो," मालक म्हणाले. परतताना दलाल हळहळला, "साहेब, सही होईस्तोवर सांगायचं नव्हतं." आमचे कार्यकर्ते त्याच्या अंगावर धावून जाणार होते, आम्ही आवरले. तो बिचारा आम्हाला आपल्या धंद्यातली युक्तीच शिकवत होता. पुढे कळले, ते घर मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतले. ते वर्षातून चार दिवस येतात. भावकीची हरकत नव्हती.

खरी हकिगत यानंतरची आहे. परतीच्या वाटेवर ओढ्यापलीकडे निळा झेंडा दिसला म्हणून बुद्धवाड्यात गेलो. दहा-बारा घरे, त्यांतली सहा कुलूपबंद. एका आजींनी जय भीम घातला, पाणी दिले आणि आम्ही ऑफिसात कारकून आहोत हे कळताच ट्रंकेतून एक कागद काढला. "वाच रे बाबा. श्रावणबाळच्या पगारासाठी म्हणून अंगठा घेतलाय. पगार तर काय सुरू झाला नाही."

ते कुलमुखत्यारपत्र होते. बुद्धवाड्याची चौतीस गुंठे महार वतनाची जमीन, सातबाऱ्यावर अकरा नावे, आणि आजींच्या वाट्याचा सगळा अधिकार एका परक्या माणसाला दिलेला. जमिनीला सिमेंटचे खांब रोवून तारेचे कुंपणही घातलेले होते. आम्ही वाचून दाखवले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे म्या इकली व्हय?"

वाचकहो, ही जमीन काय चीज आहे ते आपल्या तरुणांना ठाऊक नसते. वतन म्हणजे गावाची राबणूक आणि त्याबदल्यात चतकोर तुकडा. ही गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले. वतने खालसा करणारा कायदा 1958 चा, अंमल 1 ऑगस्ट 1959 पासून. राबणूक गेली. जमीन आपल्या वाडवडिलांना पुन्हा मिळाली, पण नवीन शर्तीवर. म्हणून सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा दिसतो. बिगरशेतीसाठी विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो. डोंगरातल्या बंगल्यांना भाव आल्यापासून ही अट चुकवायला नोटरीचे कागद, साठेखते, मुखत्यारपत्रे निघू लागली. 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून केवढा गदारोळ झाला, तो आपण वाचला. चौतीस गुंठ्यांसाठी कोण गदारोळ करणार?

आणखी एक. आपल्या राज्यात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्या कित्येकांजवळ शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबाऱ्यावरचे ते एक नाव. शेवटचा गुंठा गेला की तेही गेले. गावठाणातले घर घेणाऱ्यांनाही सांगतो, घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहा. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होत आहे. तेथे ती झाली असेल तर मिळकत पत्रिका मागा.

घर राहिले बाजूला. पुढचे तीन महिने आमच्या सुट्ट्या तहसील कचेरीत गेल्या. आजींचे मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस वकिलामार्फत पाठवली, तलाठ्याकडे हरकत दिली. आता सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढे आहे. मुंबईच्या चाळींतून नऊ वारस शोधून काढले. दोघांनी टोकनचे पैसे आधीच खर्च केले होते, त्यातला एक आमच्याशी तावातावाने भांडला. "तुम्ही नोकरीवाले, तुम्हाला काय कळणार?" असे म्हणाला. त्याच्या मुलीची फी भरायची होती. त्याला काय उत्तर द्यावे, ते आम्हाला सुचले नाही. अजून सुचलेले नाही. सातबारा मात्र आजमितीस अकरा नावांवर आहे. आम्ही दर आठवड्याला मोबाईलवर उघडून पाहतो.

आजींच्या धाकट्या मुलाचे घर वाड्यातच बंद पडलेले होते. विकत नको, राहायला घ्या, असे त्याने कळवले. महिना दीड हजार भाडे ठरले, अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेतला. (कारकुनाने आधी कागद करावा, मग बिछाना टाकावा.) गेल्या वैशाखात कौले फेरली, पश्चिमेला ताडपत्री बांधली. आषाढ पौर्णिमेला तेथेच होतो. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि दोन ठिकाणी गळले. पातेली लावून आम्ही आणि सौ. ओट्यालगतच्या खोलीत बसून राहिलो. पहाटे आजी डोक्यावर गोणपाट घेऊन आल्या. "झोप लागली का?" विचारले. सौ.नी त्यांना चुलीजवळ बसवले आणि परसात अळू कुठे लावावे ते विचारू लागल्या.