आपल्या मापाचे चिलखत

शिरूर आणि दौंड ही काही मुद्दाम प्रवासाला जाण्याची गावे नव्हेत, असे आपल्या शहरी मंडळींचे ठाम मत आहे. शिरूर म्हणजे नगर रस्त्यावर चहासाठी थांबायचे ठिकाण आणि दौंड म्हणजे गाडी थांबली की खिडकीतून डोकावून पाहायचे जंक्शन. पहिल्याला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. दुसऱ्याचे नाव मनमाडकडे किंवा बारामतीकडे जाणाऱ्यांच्या तोंडी गाडी बदलण्यापुरते येते. पण या दोन गावांच्या आजूबाजूला, माणसाने अंगावर काय घालावे आणि ते कोणाच्या मर्जीने घालावे, याविषयीचा बराच इतिहास पडलेला आहे. तो पाहण्याचे निमित्त मात्र एका चिलखतामुळे मिळाले.

हे चिलखत माझा भाचा घरी करीत होता. बहीण शिरूरला असते. तिचा फोन आला, "दादा, एकदा येऊन बघून जा. पोरगा अकरावीत आहे आणि गच्चीवरच्या खोलीत रात्री बारापर्यंत रबर कापत बसतो." मराठीच्या प्राध्यापकाकडून तिची नेमकी कोणती अपेक्षा होती, हे तिलाही सांगता आले नसते. पण मामा या नात्याला आपल्याकडे सर्व विषयांत गती आहे असे मानतात, म्हणून मी निघालो.

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमापाशी वढू बुद्रुकचा फाटा लागतो. तिथे संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध झाला. पुढे रांजणगाव. अष्टविनायकांतला महागणपती रस्त्याला लागूनच आहे, आणि त्याच्या पलीकडे मैलोगणती पसरलेली औद्योगिक वसाहत. तिथे शीतकपाटे होतात, दूरदर्शन संच होतात, मोटारी होतात. असल्या नाजूक मालाबरोबर गुंडाळायचा फोमही येतो आणि शेवटी भंगारवाल्याकडे जातो. भाच्याने पहिले हस्तकौशल्य त्या फुकटच्या फोमवर केले, हे मला नंतर कळले.

गच्चीवरच्या खोलीत शिरताच पहिली सूचना मिळाली, "मामा, हात लावू नका, सोल्यूशन ओलं आहे." खोलीभर राखाडी रंगाचे तुकडे पडले होते. प्रत्येकावर आकडा आणि बाण. हे चिलखत शिवकालीन नव्हते. पुढच्या कुठल्या तरी शतकात, कुठल्या तरी ग्रहावर पहारा देणाऱ्या शिपायाचे ते होते. १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट निघाला आणि त्यातल्या पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांचे पोशाख घरी बनविण्याचा छंद जगभर पसरला. आपल्याकडेही मुंबईत, आणि अलीकडे पुण्यातही, अशा वेषधारी तरुणांचे मेळावे भरतात. बहुरूप्यांच्या देशात त्याचे नवल वाटायला नको.

मुलाने मला सारी कृती समजावून सांगितली. वाचकांच्या घरी असा एखादा कारागीर असेल तर उपयोगी पडावी म्हणून ती देतो. सामान म्हणजे ईव्हीए नावाचा फोम, ज्याच्या चपला होतात तोच. छातीला दहा मिलिमीटर जाडीचा, दंडाला पाच-सहा, आणि वरच्या नक्षीला दोन मिलिमीटरचा पुरतो. आधी जुना सदरा घालून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि कागदी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून घ्यायची. त्यावर पेनाने चिलखताच्या रेषा काढायच्या आणि दुसऱ्या कोणाकडून ते कवच कात्रीने जपून कापून घ्यायचे. तेच तुकडे सपाट करून कागदावर उतरविले की आपल्या अंगाचा खाका तयार. डाव्या-उजव्या बाजू सारख्या याव्यात म्हणून अर्धाच खाका काढून तो उलटवून घ्यायचा. फोम कापताना कटरचे पाते नवे हवे. बोथट पात्याने कडा फाटते. मग गरम हवेच्या बंदुकीने तुकडा शेकायचा आणि त्याला थोडी चकाकी आली की गुडघ्यावर दाबून बाक द्यायचा. सोल्यूशन दोन्ही कडांना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत दहा मिनिटे थांबायचे, आणि मग एकदाच नेमके जुळवायचे. खिडकी उघडी, नाकाला मुसके. शेवटी अस्तराचा हात देऊन रंग. बंद आणि बक्कल बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात. नवशिक्याने टोपापासून कधी सुरुवात करू नये. आधी मनगटाचे कवच करावे. फसले तर वीतभर फोम वाया जातो.

"तयार मिळत नाही का रे?" मी विचारले.

"मिळतं. माझ्या मापाचं मिळत नाही."

मुलगा अंगाने स्थूल आहे. दोन वर्षांपूर्वी एका संमेलनात त्याला मावळा व्हायचे होते. ड्रेपरीवाल्याने आणलेल्या अंगरख्याचे बंद त्याला पुरेनात, तेव्हा कोणीतरी त्याच पेटीतला विदूषकाचा ढगळ झगा त्याच्या अंगावर चढविला आणि त्याला रंगमंचावर ढकलले. "सगळे हसले," तो म्हणाला, आणि पुन्हा कटर हातात घेतला. बहीण दारातच उभी होती. हे तिला ठाऊक नव्हते, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांची गाडी घेऊन आम्ही दोघे दौंडकडे निघालो. वाटेत मी त्याला जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते टोपणनाव. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपल्या कामाचे खरे माप कळावे म्हणून सोंग घ्यावेसे वाटले. "म्हणजे आपणहून घेतलेलं," भाचा म्हणाला.

न्हावऱ्याहून वाकडी वाट करून इनामगावला गेलो. घोडनदीच्या काठच्या तिथल्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. तिथले लोक आपली मृत माणसे घरातच पुरीत, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडीत. पण एका मोठ्या घराच्या आवारात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोट सुटलेल्या माणसासारखा एक रांजण सापडला. त्यात एक पुरुष मांडी घातल्यासारखा बसविलेला होता, पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असे संशोधक मानतात. मोबाइलवर त्याचे चित्र पाहून भाचा म्हणाला, "याचं माप घेऊन केलंय, मामा." मला तो अभिप्राय विद्वानांच्या अभिप्रायाहून उणा वाटला नाही.

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. केडगाव मागे टाकून चौफुल्याला चहा घेतला. इथली कलाकेंद्रे लावणीसाठी प्रसिद्ध. नऊवारी, आणि पायांत शेरांनी मोजावीत इतकी घुंगरे. तो वेषही पेलावाच लागतो. तिथून दौंड, आणि दौंडहून पुन्हा भीमेपलीकडे श्रीगोंदे तालुक्यातले पेडगाव.

पेडगावचा बहादूरगड हा भुईकोट किल्ला भीमेच्या काठी सपाटीवर पसरलेला आहे. आत बाभळी माजलेल्या, आणि त्यांत लक्ष्मीनारायणाचे यादवकालीन कोरीव देऊळ. फेब्रुवारी १६८९ मध्ये, संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशाला मोगल इथे घेऊन आले. छावणीत शिरण्यापूर्वी त्यांना विदूषकाचे कपडे चढविले, डोक्यावर घुंगरांच्या उंच टोप्या घातल्या, आणि उंटावर बसवून, वाद्ये वाजवीत मिरविले. वढूहून इथवर आमचा प्रवास इतिहासाच्या उलट दिशेने झाला होता. शेवट आधी पाहिला, आणि त्या शेवटाची सुरुवात आता.

भाचा बराच वेळ तटावर बसून होता. मग त्याने विचारले, "मामा, ते कपडे कोणी शिवले असतील?"

याचे उत्तर कुठल्या बखरीत नाही. मलाही काही सुचले नाही. त्या छत्रपतींच्या वडिलांनी प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता. तो पोशाख त्यांनी स्वतः ठरविलेला होता. इथला दुसऱ्याने ठरविलेला. माणूस लहान दिसावा एवढाच त्याचा उद्देश. पण विदूषकाच्या टोपीतले संभाजी महाराजांचे चित्र मी कोणत्याही मराठी घराच्या भिंतीवर पाहिलेले नाही. प्रत्येक चित्रात डोक्यावर जिरेटोप आहे. बादशहाने चढविलेले कपडे लोकांनी उतरवून टाकले, आणि त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. शाळकरी हसण्याची तुलना त्या यातनांशी होऊ शकत नाही, आणि भाच्यानेही ती केली नाही. तो उठला, पँटवरची धूळ झटकली, आणि तटाच्या एका दगडाची जाडी वितीने मोजून पाहिली.

संध्याकाळी दौंड स्टेशनवर माझ्या पुण्याच्या गाडीला अवकाश होता. बाकावर बसून त्याने वहीत टोपाचा खाका काढायला घेतला. चिलखत पूर्ण झाले की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते घालून, धाकट्या बहिणीने अंगणात केलेल्या किल्ल्यापाशी तो पहारा देणार आहे. फोम पेट घेतो, म्हणून पणत्या आणि फटाके यांपासून दहा पावले दूर, अशी त्याच्या आईची अट त्याने मान्य केली आहे. आईनेही त्या बदल्यात खाका कापून देण्याचे काम पत्करले आहे.

वहीतल्या टोपाला समोरची झडप नव्हती. चेहरा उघडाच होता.

"झाकणार नाहीस?" मी विचारले.

"नाही. आत वारा लागत नाही," तो म्हणाला, आणि गाडीची घंटा झाली.