अरे, अगं, अहो

शनिवारी दुपारी तीन वाजता ठाण्याच्या नौपाड्यात, घंटाळीच्या देवळापासून पाच मिनिटांवरच्या एका तळमजल्यावरच्या खोलीत माझा वर्ग भरतो. आठ ते तेरा वर्षांची मुलं येतात. त्यांना मी कॉमिक स्ट्रिप काढायला शिकवतो. पहिल्या दिवशी काम एकच असतं: रोज पेपरात येईल अशा स्ट्रिपसाठी पाच माणसं काढा. पहिलं माणूस दहा मिनिटांत तयार होतं. त्याच्या हातातून वीज निघते, नाहीतर तो यूट्यूबवर प्रसिद्ध असतो. त्याचे बूट, त्याच्या छातीवरची खूण, सगळं मुलांना आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या माणसाशी मात्र पेन्सिल अडते. "सर, ह्याचा मित्र काढू?" काढ. "तो कसा असतो?" ते तू सांग. मग बराच वेळ खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

एकोणीस वर्षं मी हे बघतो आहे. मुलं जिथे अडतात तिथेच माझ्या कामाचं मर्म आहे, अशी माझी खात्री झाली आहे. नायक कुणालाही सुचतो. स्ट्रिप वर्षानुवर्षं चालायची तर त्याच्या शेजारपाजारची माणसं सुचावी लागतात.

माझं स्वतःचं शिक्षण एका वहीवर झालं. आमची आत्या पुण्यात सदाशिव पेठेत राहायची. १९९२ च्या दिवाळीला ती आली तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर तिने एक दोनशे पानी वही आणली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये सुरू झाला होता. आमच्याकडे दुसरा पेपर यायचा, म्हणून आत्याने रोजचा 'चिंटू' कापून खळीने वहीत चिकटवला होता. जवळजवळ वर्षभराचा ऐवज. पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत मी आणि माझी बहीण त्या वहीवरून उठलो नाही.

रोज एक स्ट्रिप वाचणारा हसतो आणि पान उलटतो. सलग वाचणाऱ्याला माणसं दिसू लागतात. आम्ही दोघांनी एक खेळ काढला होता. चित्रातल्या चेहऱ्यांवर अंगठा ठेवायचा, फक्त फुग्यातलं वाक्य वाचायचं आणि कोण बोललं ते सांगायचं. दुसऱ्या दिवसापासून उत्तरं चुकेनाशी झाली. हा जिवलग पप्पू, ही मिनी, हा राजू, ज्याच्याशी चिंटूचं पटत नाही. हा बगळ्या, ज्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडतो पण मनात काही वाईट नसतं. ही नेहा, हा एवढासा सोनू. आई आणि पप्पा. आजी-आजोबा. शेजारच्या जोशी काकू. मुलांपेक्षा मोठा पण अजून मोठ्यांत न गेलेला सतीशदादा. तोच खेळ मी आज वर्गात परीक्षा म्हणून घेतो. चेहरा झाकल्यावर माणूस ओळखू येत नसेल, तर ते पात्र अजून झालेलं नाही.

या माणसांच्या निवडीत काय हुशारी आहे ते कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. उत्तर चित्रात नव्हतं, भाषेत होतं. इंग्रजी स्ट्रिपमधला मुलगा आईला, मित्राला, मास्तरांना आणि कुत्र्याला एकाच सर्वनामाने हाक मारतो. मराठी मुलाला तसं करता येत नाही. पप्पूला 'अरे', मिनीला 'अगं', काकूंना 'अहो'. आजी काकूंपेक्षा वयाने मोठी, तरी तिला 'तू' आणि काकूंना 'तुम्ही'. दादाला 'तू'च, पण नावापुढे 'दादा' लावल्याशिवाय नाही. वडिलांच्या बाबतीत तर घराघरात वेगळी रीत. म्हणजे मराठी माणसाचं तोंड ज्या ज्या तऱ्हेने उघडतं, त्या प्रत्येक तऱ्हेसाठी समोर एक माणूस उभं असावं लागतं. 'चिंटू'मध्ये ती सगळी आहेत. मुलगा तोच असतो, पण पप्पूशी बोलताना फुशारकी मारणारा, काकूंच्या दारात उभा राहिला की शब्द गिळणारा, आजीपाशी लाडात येणारा. एका चिंटूचे सात-आठ चिंटू ही भोवतालची माणसं करतात. त्याला स्वतःला बदलावं लागतच नाही.

नावंही बघा. चिंटू, पप्पू, मिनी, सोनू ही घरात हाक मारायची नावं; शाळेच्या पटावर त्यांची वेगळी नावं असणार. 'बगळ्या' हे नाव तर आईबापांनी ठेवलेलं नसतंच, ते गल्लीने ठेवलेलं असतं. या टोळीला आडनावं नाहीत. आडनाव येतं ते मोठ्या माणसाबरोबर, जोशी काकूंच्या रूपाने. लहानपणाचं जग असंच होतं. आमच्या वाडीत मी ज्याच्याबरोबर सात वर्षं विटीदांडू खेळलो, त्याचं आडनाव मला त्याच्या लग्नपत्रिकेवर कळलं. आडनावाबरोबर आपल्याकडे जे जे चिकटून येतं, ते त्या मैदानात येत नव्हतं. पंडित-वाडेकरांनी हे ठरवून केलं की सहज झालं, मला माहीत नाही. मला ते या स्ट्रिपचं मोठं सौजन्य वाटतं.

एक कारागिरीची गोष्टही सांगतो, कारण ती आमच्याच लिपीची अडचण आहे. पेपरातली चौकट बोटभर उंच असते. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार लागतो, खाली उकार लागतो. दोन ओळींत नीट अंतर सोडलं नाही तर वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत रोमन लिपीपेक्षा कमी ओळी बसतात. मोठी माणसं पूर्ण उंचीची काढली की फुग्याला जागा उरत नाही. मुलं बुटकी असतात. त्यांच्या डोक्यावर अर्धी चौकट मोकळी राहते आणि संवाद तिथे मोकळा श्वास घेतो. शिवाय जो आधी बोलतो तो डावीकडे उभा करावा लागतो, नाहीतर वाचक उत्तर आधी आणि प्रश्न मागून वाचतो. म्हणून भांडण कोण सुरू करणार हे माहीत असल्याशिवाय कोण कुठे उभं राहणार हे ठरत नाही. माणसाचा स्वभाव असा थेट चित्राच्या मांडणीत उतरतो.

भोवती माणसं जमवण्याच्या अगदी उलट वाट आर. के. लक्ष्मण यांची. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांचा कॉमन मॅन आला. देशातल्या सामान्य माणसांची गर्दी काढताना ते आधी निरनिराळ्या प्रांतांतली माणसं काढत. वेळ पुरेना तसतशी गर्दी कमी करत गेले आणि शेवटी चौकड्याचा कोट, धोतर आणि चष्मा एवढाच एकजण उरला. तो कधी बोलला नाही. बोलायची ती त्याची बायको. राजकारणावरच्या एका चौकटीला न बोलणारा साक्षीदार पुरतो. घरगुती गोष्टीला पुरत नाही, तिथे जाब विचारणारं माणूस लागतं. चिं. वि. जोशींनी चिमणरावांना गुंड्याभाऊ दिला, काऊ दिली, मोरू आणि मैना दिली. ती माणसं काढून घेतली तर चिमणराव बोलणार कुणाशी?

ही माणसं पहिल्या दिवशी तयार नसतात, हे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. पहिल्या स्ट्रिपमध्ये चार्ली ब्राउन, शर्मी आणि पॅटी ही तीन मुलं होती. स्नूपी दोन दिवसांनी आला. श्रोडर १९५१ मध्ये तान्हं बाळ म्हणून आला, ल्यूसी आणि लायनस १९५२ मध्ये. जग आज 'पीनट्स' म्हणून ज्यांना ओळखतं त्यातली निम्मी माणसं सुरुवातीला नव्हतीच, आणि पहिल्या दिवशीचा शर्मी हळूहळू दिसेनासा झाला. माझ्या मते त्याच्यात काही खोट नव्हती, म्हणून त्याला काम उरलं नाही. १९५४ च्या अखेरीस शुल्झनी शार्लट ब्राउन नावाची मोठ्या आवाजात बोलणारी मुलगी आणली. ती दहाच स्ट्रिपमध्ये आली. एका वाचक तरुणीने तिला काढून टाका असं पत्र पाठवलं, शुल्झनी उत्तर लिहिलं आणि खाली शार्लटच्या डोक्यात कुऱ्हाड रुतलेलं चित्र काढलं. ते पत्र आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. शार्लट वाईट नव्हती. तिचं काम ल्यूसी आधीच करत होती. एका कामाला दोन माणसं स्ट्रिपला झेपत नाहीत. शुल्झ यांच्या हातून पुढे पन्नास वर्षांत १७,८९७ स्ट्रिप झाल्या. १३ फेब्रुवारी २००० रोजी शेवटची छापून आली, तेव्हा त्यांना जाऊन एकच रात्र झाली होती.

मला हे सगळं माझ्या अनुभवातून पटलेलं आहे. २००४ मध्ये एका दैनिकात माझी स्ट्रिप सुरू झाली होती. एक मुलगा, त्याची बहीण आणि एक मांजर. पाचव्या महिन्यात मी अडलो. तिघं एकमेकांना 'तू' म्हणणारे, एकाच दाराआड राहणारे. 'अहो' म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळे घाबरायला कुणी नव्हतं, खोटं बोलायला कुणी नव्हतं. अकराव्या महिन्यात मी खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर आणले. ते आले आणि मांजरालासुद्धा स्वभाव फुटला. वाचकांची पत्रं येऊ लागली. तेवढ्यात पानाची मांडणी बदलली, ती जागा जाहिरातीला गेली आणि एका संध्याकाळच्या फोनवर स्ट्रिप संपली. पोस्टमास्तरांच्या न छापलेल्या चौदा स्ट्रिप माझ्या कपाटात आहेत. त्या मी अजून अधूनमधून काढून बघतो.

आता वर्गातली मुलं दुसऱ्या माणसाशी का अडतात, त्याकडे येतो. मी वाढलो त्या नौपाड्यात वाड्या होत्या, दोनमजली इमारती होत्या, सामाईक गॅलऱ्या होत्या. चेंडू कुणाच्या ओटीवर पडला तर किती वेळात परत मिळेल हे आम्हाला घरागणिक माहीत होतं. त्या जागी आता उंच इमारती झाल्या आहेत, होत आहेत. गावदेवी मैदानाच्या पोटात वाहनतळ आला. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी 'चिंटू'वर चित्रपट केला, तेव्हा त्याची गोष्ट मुलांच्या खेळायच्या जागेवर आलेल्या संकटाचीच होती. ते अचूक होतं. मैदान गेलं की मुलाचं नुसतं खेळणं जात नाही, जोशी काकू जातात. चेंडू काच फोडणार नसेल तर त्या दार उघडणार कशाला?

त्यात आणखी भर म्हणजे 'अंकल' आणि 'आंटी'. काका, मामा, मावशी, काकू, ताई, आजी या सगळ्यांचं काम मुलं या दोन शब्दांत उरकतात. मला त्यांच्यावर राग नाही; त्यांनी तेच ऐकलं आहे. पण चित्र काढायला बसलं की त्याची किंमत कळते. 'आंटी' काढ म्हटलं की हातून काहीच उतरत नाही, 'चौथ्या मजल्यावरच्या काकू' म्हटलं की निदान मजला तरी उतरतो.

म्हणून पहिल्या शनिवारनंतर मी मुलांना घरी एक काम देतो. तुमच्या इमारतीतली किंवा रस्त्यावरची तीन माणसं शोधा, ज्यांना तुम्ही 'अहो' म्हणाल. त्यांच्याशी बोला. ते सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य म्हणतात ते लिहून आणा. चेहरा नंतर काढू. गेल्या जूनमध्ये एका मुलाने गोखले रोडवर गजरे विकणाऱ्या आजी आणल्या, ज्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "घरी कोण आहे?" असं विचारून मगच गजरा किती लांबीचा कापायचा ते ठरवतात. एका मुलीने दुसऱ्या पाळीचे वॉचमनकाका आणले; ते लिफ्ट बंद पडली की स्वतः अपराधी असल्यासारखे जिन्यात उभे राहतात. तिसऱ्या शनिवारी त्या मुलीने त्यांच्यासमोर आपला वीज सोडणारा नायक उभा केला आणि त्या नायकाने पहिल्यांदा कुणाला तरी "अहो" म्हटलं. स्ट्रिप तिथे सुरू झाली.

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे. या गावाला वाचणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, आणि काढणाऱ्या मुलांची कमी नाही हे मी दर शनिवारी बघतो. कमी आहे ती जागेची. मराठी दैनिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. मुलांसाठी रोज एक मराठी स्ट्रिप सुरू करा, नव्या हाताला द्या. पहिल्या सहा महिन्यांत ती फारशी हसवणार नाही. तेव्हा तिच्यात माणसं गोळा होत असतील. तीन कॉलम रुंद आणि दोन इंच उंच एवढी जागा पुरते. ती निदान दोन वर्षं काढून घेऊ नका.